किती, कधीपासून, शेवटचं केव्हा

वहिनी ओट्यावरून पडल्या त्याचा आज तिसरा दिवस, आणि त्या का पडल्या यावर घरात मतंही तीन झाली होती. मुलगा म्हणत होता, माल चढवायच्या ओट्यावर साबणाचं पाणी सांडलं होतं. मुलगी म्हणत होती, दादानं ओट्याचा कठडा काढला नसता तर साबणाच्या पाण्याला कोण विचारतं. सूनबाईंचं म्हणणं, सहासष्ट वर्षांच्या बाईनं लॉन्ड्रीत जायचंच कशाला. त्या सकाळी सात वाजता वहिनींच्या पोटात काय गेलं होतं, ते मात्र या तिन्ही मतांत कुठेच नव्हतं.

आत्याचं मत चौथं होतं. पण ती तोंडात गुळणी धरून बसली होती.

आत्या म्हणजे वहिनींची धाकटी नणंद. लग्न केलं नाही, करायचं कुणी सुचवलंही नाही. घड्यांच्या टेबलापाशी चाळीस वर्षं उभी राहिली आणि एका नजरेत चादरीचे चार कोपरे जुळलेत की नाही हे सांगायला शिकली. माणसांचे कोपरे तर तिला त्याहून लवकर दिसत. भाऊ गेल्यावर लॉन्ड्री वहिनींनी हातात घेतली, मुलानं वरचा मजला घेतला, आणि खालच्या तीन खोल्यांत या दोघी उरल्या, वहिनी आणि वन्सं. एकमेकींना अहो-जाहो करत त्यांनी अकरा वर्षं एकमेकींचा उद्धार केला होता.

आता आत्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बाकीच्यांकडे बघत होती. बघण्यासारखं पुष्कळ होतं. मुलगा आणि मुलगी दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बापानं पहिल्यांदा घेतलेलं धुण्याचं पिंप मुलानं कुणाला न विचारता भंगारात काढलं, तेव्हापासून. आत्या मुलाला साहेब म्हणायची, कारण लॉन्ड्रीत काचेची केबिन बांधून घेतल्यापासून त्याला घामाचा वास येऊ लागला होता. मुलगी चव्वेचाळीस वर्षांची, तिला अजून सगळे बेबी म्हणत. आज दोघं शेजारी-शेजारी बसले होते, आणि बेबी दादाला स्वतःच्या बाटलीतलं पाणी देत होती.

‘हाडं मोडली की नाती जुळतात वाटतं,’ आत्या मनात म्हणाली. ‘आधी कळलं असतं तर मीच ढकललं असतं.’

बेबीचे यजमान, म्हणजे जावईबापू, खिडकीपाशी मोबाइलमध्ये डोकं घालून उभे होते. ते शाळेत गणित शिकवत, पण कुठल्याही आजारावर त्यांना पाच मिनिटं दिली की पुरत.

“ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होतो,” ते म्हणाले. “शेकडा तीस ते चाळीस. चार दिवसांत उतरतो.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं?” साहेब म्हणाला.

“आई खंबीर आहे,” बेबी म्हणाली.

आई आत काय करत होती ते आत्यानं सकाळी पाहिलं होतं. खुब्याचं हाड काल सकाळी बसवलं, संध्याकाळपर्यंत ठीक होतं. रात्री त्या बडबडायला लागल्या. नर्सला म्हणाल्या, “ही चादर खंगाळलीच नाही. साबण तसाच आहे, बघ किडे आलेत,” आणि मोडक्या खुब्यानिशी खाली उतरायला निघाल्या. ड्यूटीवरच्या पोरसवदा डॉक्टरानं विचारलं, दारू वगैरे? साहेबानं त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा वरमला. मग त्यानं भ्रमावरचं एक इंजेक्शन दिलं, वहिनी तासभर निपचित पडल्या, आणि सगळे म्हणाले, गुण आला. सकाळी आत्या गेली तर वहिनींचे हात अंगावरच्या चादरीला हिसके देत होते, घामानं उशी भिजली होती, आणि डोळे छतावर काहीतरी मोजत होते.

आत्यानं असे हात एकदा पाहिले होते. पाहून ती मुकाट्यानं बाहेर येऊन बसली होती, हेही खरं.

अकराच्या सुमाराला मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. मोठ्या म्हणजे हुद्द्यानं. वयानं पस्तिशीच्या, केस कसेतरी वर गुंडाळलेले, पायात रबरी चपला. ‘हिला अजून घरी कुणी भाजी आणायला पाठवत नसतील,’ आत्याला वाटलं, ‘आणि ही वहिनींना वठणीवर आणणार!’

डॉक्टरीणबाईंनी सूनबाईंसकट सगळ्यांना कोपऱ्यातल्या लहान खोलीत नेलं, दार लोटलं आणि उभ्याउभ्याच विचारलं.

“रोज किती घेतात, कधीपासून घेतात, आणि शेवटची केव्हा घेतली?”

“काय?” साहेब म्हणाला.

“दारू.”

मग तिघं एकदम बोलले, आणि तिघांचं एकमत होतं. गेल्या वीस वर्षांत या घरात असा चमत्कार झाला नव्हता.

“आमच्या घरात बाटली येत नाही.”

“आई तर सोड्यानंही तोंड वाकडं करते.”

“तुमचा काहीतरी गैरसमज होतोय मॅडम, आईंची लॉन्ड्री आहे, चाळीस माणसं हाताखाली आहेत,” जावईबापू म्हणाले.

“चाळीस माणसं हाताखाली असली की दारू घशाखाली उतरत नाही असं काही नसतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “नाडी एकशे अठ्ठावीस आहे. ताप नाही, जखम स्वच्छ आहे, रक्तातलं मीठ ठीक आहे. ऑपरेशननंतर माणसं बरळतात, मला माहीत आहे, रोज बघते. पण त्यांचे हात असे कापत नाहीत. शिवाय लिव्हरचा रिपोर्ट आलाय. लिव्हर बोलतंय. तुम्ही बोलत नाही.”

आत्याला हे आवडलं. तिनं मान वर केली.

जावईबापू पुढे सरसावले. “समजा, निव्वळ समजा हं, की एखाद्या व्यक्तीला थोडीशी सवय आहे. तरी कालचं इंजेक्शन लागू पडलंच की. तेच चालू ठेवावं. तुम्ही त्या डायझेपामच्या जातीचं काही द्याल, तर त्याचीच सवय लागते. मी वाचलंय.”

“छान. आणखी काय वाचलंय?”

“म्हणजे… तेवढंच.”

“मग बाकीचं मी सांगते. रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या ओझ्याखाली दबलेला असतो आणि त्या ओझ्याविरुद्ध सतत जोर लावत असतो. ओझं एकदम काढलं की तो जोर मोकाट सुटतो. हात कापतात, भास होतात, फिट येते, कधी माणूस जातो. कालच्या इंजेक्शननं भास दबतात, पण फिट यायला वाट मोकळी होते. दारू नाही असं तुम्ही सांगितलंत म्हणून माझ्या डॉक्टरनं ते दिलं. दारू असेल तर ते एकट्यानं देणं चूक होतं. तुम्ही म्हणता त्या जातीचंच औषध त्याला आवर घालतं. सवयीची काळजी आपण पुढच्या आठवड्यात करू. त्यासाठी बाई पुढच्या आठवड्यात असायला हव्यात.”

जावईबापूंनी मोबाइल खिशात घातला. आत्याला गेल्या कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

“मग देऊन टाका ना ते,” साहेब म्हणाला. “असलं-नसलं, देऊन टाका. विचारताय कशाला?”

“कारण ते पोत्यातनं ओतून द्यायचं नसतं.” डॉक्टरीणबाई आता खुर्चीवर बसल्या आणि बोटांवर मोजल्यासारखं सांगू लागल्या, पण मध्येच बोटं विसरल्या. “धडधाकट चाळिशीचा माणूस असता तर मी लांब पल्ल्याचं औषध दिलं असतं. ते शरीरात दोन-तीन दिवस रेंगाळतं, आपलं आपण हळूहळू उतरतं, काम सोपं. यांचं लिव्हर थकलंय, वय सहासष्ट. ते साचत जाईल आणि परवा श्वास बंद पडेल. म्हणून यांना लोराझेपाम. येतं, काम करतं, जातं. त्यात हाडाच्या दुखण्यासाठी यांना जे इंजेक्शन चालू आहे, तेही श्वास मंदावणारं. म्हणजे कमी दिलं तर फिट, जास्त दिलं तर श्वास. मला मधली वाट शोधायचीय, आणि ती शोधायला तुम्ही मला एक आकडा देत नाही आहात. रोज ग्लासभर पितात की बाटलीभर? पूर्वी कधी फिट आली होती? झोपेच्या वगैरे गोळ्या घेतात? फिट आलेली नसेल तर मी तासातासाला तपासून, लागेल तेवढंच देईन. आलेली असेल तर वाट बघत बसायचं नसतं, आधीच ठरलेल्या वेळांना द्यायचं. आता बोला.”

साहेबानं बेबीकडे पाहिलं, बेबीनं नवऱ्याकडे, नवऱ्यानं भिंतीवरच्या हात कसे धुवावे या चित्राकडे.

“बाहेर कळलं तर?” शेवटी बेबीच म्हणाली, अगदी हळू.

“काय कळेल?” साहेबानं दटावलं. “काही नाहीच तर काय कळेल?”

आत्याला हसू आलं. कोंबडं झाकून ठेवणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती, पण त्याच्या आरवण्याला खोकला म्हणणारी ही पहिलीच.

“झोपेची गोळी घेतात,” आत्या म्हणाली.

सूनबाईंची मान झटकन वळली.

सूनबाई वरच्या मजल्यावर राहायच्या आणि रोज साडेनऊला सासूसाठी गरम दूध घेऊन खाली यायच्या. सबंध नात्यागोत्यात त्या दुधाचं कौतुक होतं. सूनबाईही ते कौतुक साय धरल्यासारखं जपून ठेवत. आत्यानं दोन वर्षांपूर्वी पेल्याच्या तळाशी पांढरा गाळ पाहिला, बोट लावून चाखला, आणि ते सत्य एखाद्या चांगल्या पातळासारखं घडी करून ठेवून दिलं. कधीतरी नेसायला उपयोगी पडेल म्हणून.

“रोज रात्री. दुधातून,” ती पुढे म्हणाली. “त्यांना माहीत नाही. ज्या देतात त्यांना विचारा, नाव वाचलं असेल त्यांनी.”

“आत्या, तुम्ही काय बोलताय!”

“मी पेल्याबद्दल बोलतेय. पेला कुणाचा ते तुम्ही सांगा.”

साहेब बायकोकडे वळला. “तू आईला गोळ्या देतेस?”

“माझ्याच आहेत, डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या!” सूनबाईंचा आवाज फाटला. “अर्धी देते, फार तर एक. तुम्हाला काय, तुम्ही दहाला घोरायला लागता. त्या रात्री अकराला उठून कामगारांना फोन लावायच्या, शिव्या द्यायच्या. दुसऱ्या दिवशी दोन पोरी काम सोडून गेल्या, त्यांच्या घरी समजूत घालायला कोण गेलं? मी गेले! झोपलेल्या बऱ्या की नाही?”

“नाव?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“अल्प्राझोलाम,” सूनबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “दारूवर ही गोळी म्हणजे तुमच्या सासूबाई रोज रात्री वाचत होत्या असं समजा. आणि तीही तीन दिवस तुटलीय. म्हणजे एकाच जातीच्या दोन सवयी एकदम सुटल्या. माझ्या नेहमीच्या मात्रेनं भागलं नसतं.” मग त्या आत्याकडे वळल्या. “मावशी, तुम्हाला आणखी काय माहीत आहे?”

“मी कुणाची मावशी नाही. मी आत्या आहे.”

“बरं, आत्या. आणखी काय माहीत आहे?”

बेबी भावजयीवर तुटून पडली होती. साहेब बायकोच्या बाजूनं बोलावं की बहिणीच्या, याचा हिशेब जुळेपर्यंत दोघींवर ओरडत होता. पाच मिनिटांपूर्वीचं एकमत कुठल्या कुठे गेलं. इथेच थांबलं असतं तर आत्या जिंकली होती. सुनेचं दूध नासवलं, जावयाची अक्कल काढली, आणि आपण नामानिराळी. तिला फक्त उठून पाणी प्यायला जायचं होतं.

आणि आतून वहिनींचा आवाज आला. भिंतीपलीकडून, जाड, घोगरा.

“वन्सं! अहो वन्सं! गरम रूळ बंद करा, पोरीचा हात जाईल!”

गरम रुळात हात कुठल्या पोरीचा गेला नव्हता, वहिनींचाच गेला होता, सात वर्षांपूर्वी.

“फिट आली होती,” आत्या म्हणाली.

भांडण थांबायला थोडा वेळ लागला. तिनं पुन्हा सांगितलं.

“फिट आली होती. सात वर्षं झाली. चादरी इस्त्री करायचा रूळ असतो आमच्याकडे, वाफेवर तापतो. त्यावर पडल्या. डावा हात कोपरापर्यंत भाजला.”

“ती चक्कर होती,” साहेब म्हणाला. “वाफेनं आलेली चक्कर.”

“ते मी सांगितलं तुम्हाला. चक्कर. डोळे वर गेले होते, दातखीळ बसली होती, कपडे ओले झाले होते. मी रूळ बंद केला, त्यांचं ओलं बदलून दुसरं नेसवलं, मग तुला हाक मारली. म्हणून तुला चक्कर दिसली.”

“तेव्हा पिणं सोडलं होतं का त्यांनी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“त्यांनी नाही. मी सोडवलं होतं. आदल्या दिवशी सकाळी बाटली मोरीत ओतली आणि म्हटलं, आता पिऊन दाखवा. मला वाटलं होतं, व्यसन म्हणजे माज. माज उतरवायला किती वेळ लागतो!” आत्यानं पदरानं तोंड पुसलं. “दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या रुळावर पडल्या.”

“आणि मग?”

“मग मी परत आणून दिली.”



“रोज साडेतीन मापं,” आत्या म्हणाली. एकदा तोंड उघडलं तर पुरतंच उघडावं, अर्धवट घडी तिला कधी खपली नव्हती. “कपडे मऊ करायचं औषध असतं ना, त्याच्या डब्याचं झाकण, शंभर मिलीचं. धुऊन घेतलेलं. सकाळी सातला अर्धं, हात स्थिर व्हावेत म्हणून. संध्याकाळी साडेसातपासून तीन. कडक, पाणी वेगळं. सात वर्षं, एक दिवस चुकला नाही. त्याआधी त्या लपून घ्यायच्या, भाऊ होते तेव्हापासून, ती वर्षं वेगळी. शेवटचं सोमवारी सकाळी सातला. दहाला पडल्या.”

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. “इतकं नेमकं कसं माहीत?”

“कारण मी ओतते.”

आणि मग आत्यानं पाहिलं की तिच्या भावाचं घर पुन्हा एक झालं. सूनबाईंचं रडं थांबलं. बेबीनं भावजयीचा हात धरला. साहेब उठून उभा राहिला.

“तू? आम्ही दोन ड्रायव्हर काढले आत्या! त्यांनी आणून दिली असा संशय धरून. त्यातला एक माझ्यासमोर हात जोडून उभा होता, आणि तू तिथेच टेबलापाशी घड्या घालत होतीस!”

“होते.”

“लाज नाही वाटली?”

“वाटली. पण तेव्हा तू त्याला काय म्हणालास ते आठवतं? आई पीत नाही, पण तू तिला दारू आणून देतोस. त्या माणसाला अजून कळलं नसेल की त्याचा गुन्हा काय.”

“आईला विष पाजत होतीस सात वर्षं,” बेबी म्हणाली. तिचा आवाज खरा होता, तेवढा एकच खरा होता.

डॉक्टरीणबाईंनी कागद मिटला. निदान या तरी दोन शब्द बऱ्यावाईटाचे बोलतील असं आत्याला वाटलं. त्या दारापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “हे काल रात्री सांगितलं असतंत तर कालचं इंजेक्शन टळलं असतं.” आणि रबरी चपला वाजवत निघून गेल्या.

आत्यानं आयुष्यभर माणसांना तुच्छ लेखलं होतं. त्याची चव कशी असते ते तिला त्या दिवशी कळलं. त्यात आवाज चढवावा लागत नाही.

त्यानंतरचे चार दिवस तिला कुणी विचारलं नाही, आणि ती कुणी न विचारता दाराशी बसून राहिली. लोराझेपाम सुरू झालं, ठरलेल्या वेळांना, आणि मधूनमधून जास्तीचंही. आधी जीवनसत्त्वाची पिवळी सलाईन, मग साखरेची. नर्स दर तासाला येऊन वहिनींना हात पुढे करायला सांगे, घाम बघे, विचारी, आज कुठला वार, आणि त्रास किती त्याचा आकडा कागदावर मांडे. पहिल्या दिवशी आकडा बावीस होता, दुसऱ्या दिवशी एकोणीस. एकदा वहिनी इतक्या गाढ झोपल्या की डॉक्टरीणबाई स्वतः खुर्ची ओढून पाऊण तास त्यांच्या छातीकडे बघत बसल्या आणि पुढची मात्रा निम्मी केली. फिट आली नाही. तिसऱ्या दिवशी आकडा नऊ, चौथ्या दिवशी चार. ‘भाजी आणायला पाठवण्यासारखी आहे ही,’ आत्या मनात म्हणाली. तिच्याकडून एवढी शाबासकी फार झाली.

घरच्यांनी मधल्या काळात ठराव केला. आई सुटली की महिनाभर व्यसन सोडवायच्या केंद्रात. आणि आत्या बेबीकडे, मागच्या खोलीत. “तिला काही कमी पडू देणार नाही,” साहेब जावयाला म्हणत होता. लॉन्ड्रीतून काढलेल्या यंत्रांबद्दलही तो असाच बोलत असे.

रविवारी दुपारी वहिनी उशाला टेकून बसल्या. तोंड उतरलेलं, पण डोळे जाग्यावर. सगळे पलंगाभोवती जमले, साहेबानं ठराव सांगितला. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतला.

“केंद्रात जाईन,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरीण म्हणाली, तिथे जा नाहीतर परत येशील, आणि परत आलीस तर मी ओळख दाखवणार नाही. मला बाई आवडली. पण वन्सं कुठे जाणार नाहीत.”

“आई, तिनं तुला…”

“तिनं काय केलं ते मला माहीत आहे. प्यायले मी. सूनबाईनं काय केलं ते आता कळलं. तू काय केलंस तेही कळलं. मी मरत होते आणि तू डॉक्टरला म्हणालास, आमच्या घरात बाटली येत नाही. बाटली येत नव्हती, मग काय मी साबणानं झिंगत होते?” त्यांना दम लागला, त्या थांबल्या. “वन्संना घालवलंत तर मला शिव्या कोण घालणार? तुम्हाला तर त्याही धड येत नाहीत. आणि ते दोन ड्रायव्हर, त्यांना शोधून आण. माफी तू मागायची. वन्संही येतील.”

“येईन,” दारातून आत्या म्हणाली.

“आता जा सगळे. घाम येतोय मला तुमच्या गर्दीनं.”

सगळे गेले. बेबी जाताना आत्याकडे न बघता गेली. ते आत्यानं मनात नोंदवलं नाही, नुसतं सोसलं.

ती आत येऊन खुर्चीवर बसली. वहिनींचा भाजलेला हात चादरीवर होता, अजून थोडा कापत होता.

“वन्सं, का ओतत होतात हो?”

उत्तरं तयार होती. आत्यानं ती सात वर्षं घासूनपुसून ठेवली होती. “तुम्ही बाहेर जाऊन शोभा केली असतीत म्हणून. भावाच्या नावासाठी. आणि परत फिट आली असती, ती भीती होती.”

“भीती होती तर डॉक्टरकडे नेलं असतंत. ते नेलं नाहीत.”

“नाही नेलं.”

“मग?”

आत्यानं चादरीचा कोपरा हातात घेतला, दुसऱ्याला जुळवला, सोडून दिला. “दिवसभर तुम्ही माझ्याशी बोलायचा नाहीत. टेबलापाशी चाळीस वर्षं उभी होते, नुसतं हे घ्या, ते ठेवा. साडेसातनंतर बोलायचात. भावाच्या गोष्टी सांगायचात, हसायचात. मला ‘बसा हो’ म्हणायचात. तेवढ्यासाठी ओतत होते.” तिनं कोपरा पुन्हा उचलला. “दुसरं कोण होतं मला?”

वहिनींचं तोंड एका बाजूला वाकडं झालं. आत्याला वाटलं, आता ऐकवतील.

“कमाल आहे,” वहिनी म्हणाल्या. “साडेसातला तुम्ही जे बोलायला सुरुवात करायचात, ते दोन मापांशिवाय ऐकवत नव्हतं हो मला.”

आत्यानं पदर तोंडावर धरला, आणि तो काढायच्या आत नर्स आत आली.

“हात पुढे करा आजी. आज कुठला वार?”

“रविवार,” वहिनींनी हात पुढे केले. “आणि या बाईंना बाहेर काढू नका. त्यांना अजून पुष्कळ बोलायचंय. मला ते शुद्धीत ऐकायची सवय करायला हवी.”